अण्णांच्या नावावरचा पडदा

आमच्या घरी लाइटबिल अण्णांच्या नावावर येतं, पाणीपट्टी त्यांच्याच नावावर आणि गॅसही. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली. हे काही एकट्या आमच्याच घरात चालतं असं नाही. कराडच्या अलीकडे एका बंद पडलेल्या साखर कारखान्याची कॉलनी आहे, तिथे आम्ही राहतो. घरोघर फिरलात तर निम्मी कनेक्शनं स्वर्गवासी मंडळींच्या नावावर सापडतील. नाव बदलायचं म्हणजे मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांच्या सह्या आणि कचेरीत हेलपाटे. शिवाय गेलेल्या माणसाच्या नावावर आहे म्हणून वीज काही कमी उजेड देत नाही. आमच्याकडे आणखी एक कारण होतं, ते म्हणजे माई, माझ्या सासूबाई. माझ्या नवऱ्याने, अविनाशने, विषय काढला की त्या म्हणायच्या, "राहू दे की. त्यांचं तिथं काय अडलंय?" आणि उठून आत जायच्या. विषय मग पुढच्या वर्षावर पडायचा.

अण्णा, म्हणजे भास्करराव निकम, कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. शिस्तीचे कडक, पण सिनेमाचं वेड भलतंच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हॉलमध्ये एक कॉम्प्युटर होता. घेतलेला अविनाशच्या अभ्यासासाठी, पण संध्याकाळ झाली की त्याच्यावर अण्णांचा ताबा असे. शेजारच्या सुमनवहिनी यायच्या, पलीकडच्या तांबोळी भाभी मुलांना घेऊन यायच्या, बॉयलरवरचे दोघंतिघं पाळी संपवून तसेच घामाच्या कपड्यांनी दारात टेकायचे. कुणी लसूण सोलायचं, कुणी शेंगा फोडायचं, आणि एवढ्याशा पडद्याकडे सगळी आळी डोळे लावून बसायची. पुढे काय होणार हे माई आधीच सांगून टाकायच्या आणि अण्णा त्यांच्यावर डाफरायचे. त्या दिवसांची आठवण झाली की आजही मला शेंगांच्या टरफलांचा वास येतो आणि उगाचच भूक लागते.

अण्णांचा एक बाणा होता. नकली सीडी घरात आणायची नाही. तेव्हा स्टँडवर एकेका सीडीत चार-चार सिनेमे कोंबून विकायचे आणि त्या सीड्या कुठेही, कशाही चालायच्या. अण्णा मात्र कोल्हापूरला जाऊन चमकता शिक्का असलेली अस्सल सीडी आणत आणि तिचे नखरे सोसत. आधी 'चोरी हा गुन्हा आहे' हे व्याख्यान, ते पुढे ढकलता येत नसे. मग कॉम्प्युटर म्हणे, हा सिनेमा चालवायचा परवाना माझ्याकडे नाही, अमुक प्रोग्रॅम आणा. तो आणला की म्हणे, नवा आणा. अमेरिकेतल्या भाच्याने एकदा हौसेने एक सीडी पाठवली, तर कॉम्प्युटर म्हणाला की ही दुसऱ्या खंडातली आहे, खंड बदलू का, पण असं फक्त पाच वेळा करता येईल. अण्णांनी खंड बदलला, सिनेमा पाहिला आणि आपल्या सिनेमांसाठी पुन्हा बदलला. तिसऱ्या खेपेला ते वैतागून म्हणाले, याच्यापेक्षा जकात नाका परवडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पण नकली सीडी काही त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही.

त्या कुलपांची गंमत अविनाश समजावून सांगतो. तो पॉलिटेक्निकात शिकवायचा, त्यामुळे त्याला समजावल्याशिवाय राहवत नाही. सीडीवरचं चित्र विसकटून ठेवलेलं असे आणि ते जुळवायची किल्ली सीडी चालवणाऱ्या यंत्रात असे. म्हणजे कुलूप आणि किल्ली दोन्ही गिऱ्हाइकाच्याच घरात. कुणीतरी खटपट्या माणूस किल्ली शोधून काढायचाच. मग कंपन्या नवं कुलूप आणायच्या, ते फुटायचं, की आणखी नवं. पुष्कळ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की कितीही कुलपं लावा, शेवटी उजेड पडद्यावरून निघून माणसाच्या डोळ्यात शिरणारच. त्या दोन हातांच्या मोकळ्या जागेत चोर उभा राहतो. तो कॅमेरा लावतो नाहीतर शेजाऱ्यांना बोलावतो.

ती जागा बुजवण्यासाठी आली नेत्रमुद्रा. लोक तिला नजरबंदी म्हणू लागले.

तिचं शास्त्र ऐकायला सोपं आहे. हात लांब करून अंगठा धरा. त्याच्या नखाएवढ्याच जागेतलं आपल्याला स्वच्छ दिसतं, बाकीचं सगळं धूसर असतं. आपल्याला ते कळत नाही, कारण डोळा सारखा इकडून तिकडे उड्या मारतो आणि मेंदू ते तुकडे शिवून एक अखंड चित्र करतो. नव्या पडद्यांमध्ये चित्राच्या ठिपक्यांच्या मधे-मधे बघणारे ठिपके बसवले. नोंदवलेल्या माणसाची बाहुली जिथे वळेल तेवढ्याच नखभर जागेत पडदा खरं चित्र काढतो आणि भोवती नुसता त्याच रंगांचा रबरबाट. ज्याची नोंद आहे त्याला सिनेमा अगदी नेहमीसारखा दिसतो. शेजारी बसलेल्याला मात्र पिठलं ढवळल्यासारखं काहीतरी. कॅमेऱ्यालाही तेच. चोरी खरोखरच थांबली. आणि आमच्यासारख्यांचं जुनं सामानही त्यात सापडलं, कारण कायद्याने अस्सल शिक्क्याची कुठलीही सीडी आता नेत्रमुद्रेच्या पडद्यावरच उलगडू लागली. नकली सीड्या त्याआधीच कुजून गेल्या होत्या.

एकाच घरात चार माणसं चार पडदे घेऊन बसायची. हसायची तीही वेगवेगळ्या वेळी. मी अविनाशला विचारायचे, काय झालं, का हसलास, आणि तो थांबवून सांगेपर्यंत त्यातलं हसू संपलेलं असायचं. आमच्या कॉलनीतल्या संध्याकाळी अशा एकेक करून विझल्या. कुणी भांडलं नाही, रुसलं नाही, फक्त कुणाकडे जायचं काही कारणच उरलं नाही.

माईंनी नेत्रमुद्रा केलीच नाही. माझे डोळे मी कुणाला नोंदवू देणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. म्हातारपणचा हट्ट म्हणून आम्ही सोडून दिलं. पण त्यानंतर त्या गप्प होत गेल्या. दिवसदिवस खोलीत बसायच्या, जेवायला हाक मारली की यायच्या, दोन घास खाऊन परत जायच्या. बोलताना आपल्याकडे बघायच्याही नाहीत, भिंतीकडे तोंड. मला वाटायचं, माझ्यावर राग आहे. अविनाशला वाटायचं, अण्णांच्या मागे जायची तयारी चालली आहे. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, वयाचं आहे, माणसांत ठेवा. आता माणसं आणायची कुठून?

मग अविनाशनेच ठरवलं की अण्णांच्या सीड्या चालू करायच्या. हॉलमध्ये नवा कॉम्प्युटर आणि भिंतभर पडदा घेतला, जुन्या बाजारातून सीडी चालवायचं यंत्र शोधलं. बसवायला आलेल्या पोराने विचारलं, कनेक्शन कुणाच्या नावावर? अविनाशच्या तोंडून सवयीने निघून गेलं, भास्कर गणपत निकम. पडद्याने सरकारी नोंदीतला भास्कर गणपत निकमांचा चेहरा मागवला, हॉलमध्ये नजर फिरवली आणि म्हणाला, नोंदणी पूर्ण झाली, आपले आभार. पोराने सही घेतली आणि गेला. आम्हाला वाटलं, आत्ता नाव घातलं, डोळे पुढे मागतील. मागितले नाहीत. अण्णांची आवडती, घाटात अडकलेल्या वऱ्हाडाच्या बसची सीडी घातली आणि सिनेमा सुरू झाला. मला दिसला, अविनाशला दिसला, पाणी प्यायला आलेल्या सुमनवहिनींनाही दिसला. तिघंही एकाच वेळी हसलो आणि एकमेकांकडे बघत राहिलो. माई खोलीतून बाहेर आल्या, काही न विचारता पडद्यासमोर मधोमध बसल्या, आणि नवरदेवाची वरात ट्रॅक्टरवर निघायच्या आधीच म्हणाल्या, "आता बघा, ट्रॅक्टरवर बसतोय." मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तांबोळी भाभी आल्या. तिसऱ्या दिवशी चपला अंगणापर्यंत गेल्या. कंपनीची काहीतरी सवलत असेल, असं आम्ही धरून चाललो. दान दिलेल्या गायीचे दात कोण मोजतं?

पितृपंधरवड्यात उलगडा झाला. सिनेमा चालू असतानाच अविनाशने हार बदलायला पडद्यासमोरच्या भिंतीवरचा अण्णांचा फोटो उतरवला आणि पडद्यावर एकदम पिठलं झालं. फोटो परत टांगला, चित्र आलं. पुन्हा उतरवला, गेलं. सगळी मंडळी अण्णांकडे बघायला लागली.

अविनाशने माहितीपुस्तक धुंडाळलं तेव्हा कळलं. अण्णांचा एकही धड फोटो नव्हता, म्हणून ते गेल्यावर आम्ही ओळखपत्रावरचाच मोठा करून लावला होता. सरकारी नोंदीतही तोच. चेहरा जुळला. ऐंशीच्या वरच्या माणसाला डोळे मिचकावून दाखवायची अट नव्हती. आणि खरी मेख पुढे होती. ज्यांच्या डोळ्याचा मधला भाग निकामी झालेला असतो किंवा ज्यांची बाहुली हलत नाही, त्यांना नखभर चित्र काय कामाचं? अशांसाठी पूर्ण पडदाभर चित्र काढावं असा कायदा आहे. फोटोतले अण्णा एकटक बघत होते. पडद्याने त्यांना नेत्ररुग्ण ठरवलं आणि त्यांच्या नावाने सगळ्या कॉलनीला सिनेमा दाखवला.

मला हसू आवरेना. अविनाशला मात्र ते लागलं. ज्या माणसाने जन्मात नकली सीडी घेतली नाही, त्यालाच आपण नकली प्रेक्षक केलं, असं तो म्हणाला आणि त्या दिवशी जेवला नाही. मी म्हटलं, केलं कुणी मुद्दाम? आणि माई माणसांत आल्या त्याचं काही नाही का? आमची चांगलीच जुंपली. माईंनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या की त्यांना तिथंच असू दे. ते तिथेच राहिले.

दिवाळीनंतर कंपनीचा निरोप आला. आपले सन्माननीय प्रेक्षक श्री. भास्कर निकम यांच्या डोळ्यांची हालचाल चिंताजनक वाटते, तरी आमच्या नेत्रतज्ज्ञ घरी येऊन मोफत तपासणी करतील. मोफत म्हटल्यावर ते येणारच. पडदा बंद झाला की माई परत त्या खोलीत जाणार, आणि या वेळी बाहेर येणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं. मी अविनाशला सुचवलं की अण्णा पुण्याला नणंदेकडे गेलेत असं सांगू. तो म्हणाला, आणि तिथून कुठे गेले म्हणून सांगशील?

डॉक्टरीणबाई आल्या. डॉ. ईश्वरी खराडे, आमच्या मुलीच्या वयाच्या, पायात बूट, हातात पेटी. मी थाप मारायला तोंड उघडलं तेवढ्यात माईंनी भिंतीकडे हात केला.

"हे बघा भास्करराव. नऊ वर्षं झाली. तपासा."

ईश्वरीबाई आधी फोटोकडे बघत राहिल्या, मग तोंडावर रुमाल धरून हसल्या, आणि मग त्यांना हसल्याचं वाईट वाटलं. गुन्हा दाखल करण्यासारखं यात काही नाही, चूक यंत्राची आहे, असं त्या म्हणाल्या. पण नोंद रद्द करावीच लागेल. घरात कुणी खरोखर तसा रुग्ण असता तर गोष्ट वेगळी होती.

माई चहा आणायला आत गेल्या. चहा त्यांच्याच हातचा, हा या घरातला नियम आहे. त्या कपात ओतत असताना ईश्वरीबाई दारातून बघत होत्या. माईंनी कपाच्या काठावर बोट धरलं होतं. चहा बोटाला लागला तशी किटली उचलली. मी हे रोज बघत होते. गरम आहे की नाही ते बघतात, असं मला वाटायचं. माई कप घेऊन आल्या आणि ईश्वरीबाईंच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत म्हणाल्या, घ्या.

ईश्वरीबाईंनी कप बाजूला ठेवला. पेटीतून चौकटी आखलेला एक कागद काढला आणि माईंच्या पुढे धरून विचारलं, "आजी, मधला ठिपका दिसतोय का?"



"ठिपका कुठला बाई. मधे काहीच नाही."

"कधीपासून?"

"झाली की दोनतीन वर्षं."

मला आधी राग आला, मग भीती वाटली, आणि मग एवढी लाज वाटली की मी पदराशी चाळा करत बसले. भिंतीकडे तोंड करून बोलणं म्हणजे रुसवा नव्हता. डोळे नोंदवायला नकार म्हणजे हट्ट नव्हता. अविनाशने विचारलं की सांगितलं का नाहीस, तर म्हणाल्या, "सांगितलं असतं तर मला गॅसजवळ फिरकू दिलं असतंत का तुम्ही?"

ईश्वरीबाईंनी नीट तपासलं. पडद्याच्या मधला भाग झिजला आहे, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याचा. गेलेली नजर परत यायची नाही, पण कडेची राहील, पूर्ण अंधार होणार नाही. आणि नियमाने माई पूर्ण चित्राच्या हक्कदार आहेत, अगदी उजळमाथ्याने. फक्त एका पडद्यावर एकाच नावाची नोंद राहते. अण्णांची काढावी लागेल आणि त्यासाठी मृत्यूचा दाखला जोडून पत्नी म्हणून माईंना स्वतः संमती द्यावी लागेल.

नऊ वर्षं जो विषय आम्ही पुढे ढकलत आलो होतो तो असा अचानक समोर येऊन बसला होता. अविनाश म्हणाला की माई, नसेल द्यायची तर राहू दे, पडदा गेला तर गेला. तो मनापासून म्हणाला, आणि मला त्याचा राग आला नाही.

माईंनी विचारलं, "नाव नाही काढलं तर?"

"तर पडदा बंद होईल, आजी."

माईंनी फोटोच्या दिशेने मान केली. सरळ नाही, जराशी तिरपी. तशी केली की त्यांना चौकट तरी दिसत असेल.

"नऊ वर्षं ठेवलं मी त्यांना. कागदावर होते, बिलावर होते. पण नाव काही शेजारी येऊन बसत नाही." मग अविनाशला म्हणाल्या, "काढा. कुठं सही करायची तिथं माझं बोट टेकव."

सही त्यांनी नेहमीसारखी केली, शालन भास्कर निकम, ओळ सोडून थोडी वर चढलेली. मग डोळे नोंदवून घेतले आणि पडदा म्हणाला, आपले आभार. त्या रात्री त्यांच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. मी जाऊन नुसती त्यांच्या पायांशी बसले. त्यांनीही जा म्हटलं नाही.

रविवारी संध्याकाळी पुन्हा वऱ्हाडाच्या बसची सीडी लागली. चपला अंगणात गेल्या. पितृपंधरवड्यातल्या भानगडीनंतर यायला बिचकणारेही आले, कारण आता सगळं कायदेशीर होतं. माई मधोमध, पडद्याकडे टक लावून. मी त्यांच्या डाव्या हाताला बसले आणि त्यांच्या कानाशी लागून हळूच सांगायला सुरुवात केली की आता ड्रायव्हर खाली उतरला, आता बॉनेट उघडलं. एवढं सांगितल्यावर त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला.

"सांगत नको बसू. मला ऐकायला येतंय सगळं."

"पण माई, दिसत काहीच नाही, मग इतक्या टक लावून बघता कशाला?"

"पडद्याकडं बघितलं की पडदा जातो," त्या म्हणाल्या. "कडेकडेचं राहतं. या अंगाला तू, त्या अंगाला सुमन, तिच्या पलीकडं तांबोळीण. तुमच्याकडं सरळ बघायला गेलं की तुम्ही जाता. म्हणून मी पडद्याकडंच बघते."

पडद्यावर कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. माईही हसल्या, मान न वळवता. मी तिथल्या तिथे थोडी पुढे सरकले, आणि त्यांना दिसेन अशी बसले.